डोळ्यांना अंधार, कोरलला ऊन

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममधला एक पोरगा लॅपटॉप घेऊनच टेबलावर आला. "तुझ्याकडे ती खाऱ्या पाण्याची टाकी आहे ना? मलाही करायचीये. लाइट कुठला घेऊ?" ब्राउझरमध्ये सात टॅब, सातही दिव्यांचे. शिवाय एक एक्सेल शीट. रकाने असे: वॉट, ल्युमेन, केल्विन, ॲप आहे की नाही, विजांचा कडकडाट दाखवणारा मोड आहे की नाही. सगळ्यात स्वस्त दिवा १३० डॉलरचा, सगळ्यात महाग ९०० च्या घरात.

मी विचारलं, "कोरल कुठली ठेवणारेस?"

"ते नंतर बघू रे. आधी लाइट तर ठरू दे."

दोन वर्षांपूर्वी मीही शब्दशः हेच म्हणालो होतो, त्यामुळे त्याला हसायचा हक्क मला नाही. म्हणून आज शनिवारी सकाळी, बाहेर कोलंबसचा नेहमीचा राखाडी उजेड पडलेला असताना (इथे हिवाळ्यात सूर्य दिसला की लोक एकमेकांना फोन करून सांगतात), चहाचा कप घेऊन लिहायला बसलोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रीफ टाकीसाठी माणसं दिवा निवडतात तो स्वतःच्या डोळ्यांसाठी, आणि त्याची किंमत मोजतं कोरल. दिव्याच्या आधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: टाकीत कोण राहणार, आणि त्याला किती ऊन लागतं. ते ऊनही डोळ्यांनी नाही, मीटरने मोजायचं. बाकी ब्रँड, ॲप, कडकडाट वगैरे ज्याची त्याची हौस.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कोरल म्हणजे प्रवाळ. अंगठीतल्या पोवळ्याचा भाऊबंद. झाड नाही, दगड नाही, चक्क प्राणी. पण टाकीत ठेवतात त्यातल्या बहुतेक कोरलांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं भाड्याने राहतात. ती उन्हावर साखर बनवतात आणि कमाईचा मोठा हिस्सा घरमालकाला देऊन टाकतात. म्हणजे दिवा ही या प्राण्यासाठी सजावट नाही, जेवण आहे. समुद्राचं पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच गिळून टाकतं, निळा खोलवर जातो. म्हणून ही शैवालं निळ्यावर पोसलेली, आणि म्हणूनच रीफचे दिवे निळे असतात.

आणि नेमका इथेच आपला डोळा दगा देतो. माणसाच्या डोळ्याला सगळ्यात जास्त कौतुक हिरव्या-पिवळ्याचं, साधारण ५५५ नॅनोमीटरचं. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला तो त्या तुलनेत जेमतेम चार टक्के भाव देतो. ल्युमेन आणि लक्स ही दोन्ही मापं याच डोळ्याच्या आवडीनिवडीवर बेतलेली आहेत. आपल्या गच्चीवर ट्यूबलाइट लावायची असेल तर उत्तम, कोरलसाठी निरुपयोगी. तिथे लागतो तो पार. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन, रंगावरून भेदभाव न करता, एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती पडले याची मोजणी. एकक मायक्रोमोल. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. टाकीत इतका कोणी देत नाही, द्यायची गरजही नाही. हौशी लोकांचा ढोबळ हिशोब असा: मऊ कोरलला ५० ते १००, मोठ्या तोंडाच्या खडकाळ कोरलला १०० च्या आगेमागे, आणि ॲक्रोपोरासारख्या बारीक तोंडाच्या नखरेल मंडळींना २०० ते ३५०.

आता कल्पना करा. निळा दिवा लावलाय. खोलीत मंद, छान, डिस्कोसारखं वातावरण. डोळा म्हणतो, अंधारच वाटतोय, वाढव जरा. तुम्ही ॲपमधली पट्टी सरकवता. आणि खाली त्या मुक्या प्राण्यावर वैशाखातलं ऊन कोसळत असतं.

हे कल्पनेतलं नाही, माझ्याच घरात घडलेलं आहे.

इथल्या रीफ क्लबात एक निवृत्त गृहस्थ आहेत. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणतो. घर लहान करायचं ठरल्यावर त्यांनी मोठी टाकी मोडली आणि अकरा वर्षं वाढवलेल्या ॲक्रोपोराचा मुठीएवढा तुकडा मला दिला. पैसे घेतले नाहीत. "सांभाळ" एवढंच म्हणाले. माझी चार फुटी, ७५ गॅलनची टाकी तेव्हा सहा महिन्यांची होती. तुकडा आला त्याच आठवड्यात मी दोन नवेकोरे एलईडी लावले. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर आईला टाकी दाखवायची होती. कॅमेऱ्यात काळोख येत होता, म्हणून दोन्ही दिवे १०० टक्क्यांवर नेले. आई म्हणाली, "अगंबाई, किती सुंदर निळं!" कॉल संपला. दिवे तसेच राहिले.

तिसऱ्या दिवशी टोकं फिकट झाली. मला वाटलं, रंग खुलतोय. (खरंच वाटलं. फोटोही काढला.) पाचव्या दिवशी वरचा सगळा भाग पांढराफटक. प्रकाश झेपेनासा झाला की शैवालाच्या कारखान्यात विषारी ऑक्सिजन तयार व्हायला लागतो आणि कोरल आपल्या भाडेकरूंना घराबाहेर काढतं. कमावणारे गेले की उपाशी मरण. समुद्रात हेच उष्णतेने होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये जागतिक ब्लीचिंगची चौथी लाट जाहीर झाली, तेव्हा मी पांढऱ्या पडलेल्या रीफचे फोटो बघून हळहळलो होतो. आणि इथे घरच्या घरी, पाणी बरोबर २५ अंशांवर राखून, तेच करून दाखवलं.

सगळ्यात लाज वाटली ती यासाठी, की ऑफिसमध्ये माझं कामच रिलीजचं आहे. नवं व्हर्जन आधी पाच टक्के लोकांना द्यायचं, आलेख बघायचे, मग दहा, मग पंचवीस. शुक्रवारी संध्याकाळी थेट सगळ्यांना ढकलणाऱ्याला मीच चार शब्द सुनावतो. आणि घरी? थेट प्रॉडक्शन, आणि रोलबॅकची सोय नाही. नव्या दिव्याखाली कोरल आणायचं तर तिशी-चाळिशीच्या टक्क्यावर सुरू करून महिना-दीड महिन्यात वर न्यायचं, हे दिव्याच्या पुस्तिकेतही लिहिलं होतं. ती पुस्तिका मी खोक्याबरोबर रद्दीत टाकली होती.

काकांना फोन करायला मला आठवडा लागला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे एकच विचारलं, "माझ्याकडे ते १८० वर होतं. तुझ्याकडे किती होतं?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मग त्यांनीच क्लबचा मीटर आणून माझ्या टाकीत, त्या दगडावर, त्याच सेटिंगवर धरला. ६१०.

अकरा वर्षांची माहिती एका आकड्यात होती आणि मी ती विचारली नव्हती.

मोजून बोलायचं हे काही नवीन शहाणपण नाही. २००० च्या दशकात मेटल हॅलाइडचं राज्य होतं. २५० वॉटचे दोन दिवे नऊ तास जाळले की महिन्याला १३५ युनिट, वर पाणी तापतं म्हणून चिलरचं बिल वेगळं. तेव्हाही लोक दहा हजार केल्विन की वीस हजार यावर हिरिरीने भांडायचे. पेन स्टेट विद्यापीठातले इंडस्ट्रियल इंजिनियरिंगचे प्राध्यापक संजय जोशी यांनी त्या काळात एकेक दिवा आणि एकेक बॅलास्ट घेऊन मोजण्या केल्या आणि सगळ्यांसाठी छापल्या. (जोशी आडनाव वाचून माझी छाती उगाचच दोन इंच फुगली होती.) त्यातून दिसलं ते हे, की एकाच वॉटचे दोन दिवे फोटॉनच्या हिशोबात खूप वेगळे असू शकतात, बॅलास्ट बदलला तरी आकडा बदलतो, आणि खोक्यावरचा केल्विन म्हणजे फार तर रंगाचा अंदाज. आज हॅलाइड जवळपास गेले, टी-५ नळ्यांचेही दिवस भरत आलेत, सगळीकडे एलईडी. पण खोक्यावरच्या आकड्यांवर दिवा विकत घ्यायची सवय जशीच्या तशी आहे.

दुकानदारही यात पाणी घालतात. दुकानातली टाकी गडद निळ्या दिव्यात ठेवली की कोरलमधली चमकणारी प्रथिनं पेटून उठतात. नारिंगी, पोपटी, गुलाबी. फोनवर नारिंगी फिल्टर लावून काढलेला फोटो तर विचारूच नका. घरी आणून साध्या उजेडात पाहिलं की तपकिरी! मग माणूस दुकानातल्यासारखा दिवा शोधत सुटतो. लग्नाच्या हॉलच्या लाइटिंगमध्ये साडी घेण्यातला प्रकार आहे हा.

माझं आजोळ मालवण. गेल्या डिसेंबरात सुट्टीवर गेलो तेव्हा मास्क लावून समुद्रात उतरलो. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, पण लहानपणी आम्ही फक्त मासे खाल्ले, पाण्यात डोकावलं कधी नाही. पाणी हिरवट, गढूळ, चार हातांपलीकडचं दिसेना. गाइडने खाली बोट दाखवलं. मोहरीच्या रंगाचे, तपकिरी गोल गोटे. मी आधी दगडच समजलो. जवळ गेल्यावर छोट्या छोट्या तोंडांची नक्षी दिसली. वर लख्ख ऊन, पण त्या गढूळ पाण्यातून खाली पोचतं ते थोडकंच, आणि पावसाळ्याचे चार महिने तर नद्यांचा गाळच गाळ. तरीही ती तिथे ठाण मांडून आहेत. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली: 'कोरलला भरपूर उजेड लागतो' हे वाक्यच अर्धवट आहे. कुठल्या कोरलला, कुठल्या पाण्यातल्या, किती खोलीवरच्या? पन्हाळ्यावरचं झाड आणि राजस्थानातलं झाड यांना आपण एकच पाणी घालत नाही.

पुण्या-मुंबईत बसून हे वाचताना हात शिवशिवत असतील तर थांबा. भारतात सगळी खडकाळ कोरलं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. कुठे गुपचूप मिळत असतील, तर ती मिळतात म्हणून घेऊ नका. मी परत येईन तेव्हा ही टाकी इथेच कोणाला तरी देऊन येणार. आईला हे अजून पटलेलं नाही :)

असो. काल ऑफिस सुटल्यावर त्या पोराला घरी घेऊन आलो. क्लबचा मीटर योगायोगाने या पंधरवड्यात माझ्याकडेच आहे. (विकत घ्यायला तो चांगल्या दिव्याइतकाच महाग, पण क्लब डिपॉझिटवर देतो. जुनी मॉडेलं निळा प्रकाश कमी दाखवायची, तेवढं विचारून घ्या.) सेन्सर मधल्या दगडावर ठेवला आणि आधी फक्त पांढरे एलईडी ४० टक्क्यांवर लावले, मग फक्त निळे ४० टक्क्यांवर. "कुठला जास्त?" तो म्हणाला, "पांढरा. निदान दुप्पट." स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. पांढरा ४५, निळा १६०. तो बराच वेळ दोन्ही पट्ट्या वर-खाली करत बसला. जेवण थंड झालं.

मग त्याने विचारलं, "म्हणजे १३० वालाही चालेल?" मऊ कोरल ठेवणार असशील, टाकी दोन फुटी असेल, दिवा थोडा उंच टांगून मंद ठेवणार असशील, तर मजेत चालेल. उरलेल्या पैशांत चांगला पंप घे. क्षार, कॅल्शियम, पाण्याचा प्रवाह हे सगळं दिव्याइतकंच महत्त्वाचं आहे, पण त्यावर पुन्हा कधीतरी.

काकांच्या ॲक्रोपोराचं राहिलंच. वरचा भाग गेला, पण खालच्या बाजूला, जिथे स्वतःचीच सावली पडत होती तिथे, नखाएवढा जिवंत तुकडा उरला होता. तो कापून तळाशी ९० वर ठेवला. चार महिने नुसता तपकिरी, ना वाढ ना काही. मग दर दोन-तीन आठवड्यांनी एकेक पायरी वर. आता त्याला सात फांद्या आहेत आणि टोकांना निळसर झाक आलीये. काकांनी नव्या घरात छोटी टाकी मांडलीये. पुढच्या रविवारी त्यातल्या दोन फांद्या त्यांना नेऊन द्यायच्यात. पिशवीवर लावायची चिठ्ठी लिहून ठेवलीये: '२१०, मधला दगड, नऊ तास.'