उंबरठा ओलांडून गेलेलीं माणसें

पूर्वीच्या पश्चिम खानदेशांतील आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत मोडणाऱ्या विसरवाडीहून एका वाचकभगिनीनें आम्हांस एक प्रश्न पाठविला आहे. घर कर्जांत बुडत असतां त्यांचे धाकटे दीर कोणासही न सांगतां निघून गेले. मागें राहिलेल्यांनीं अंगावरचे दागिने मोडले, मुलांचीं शिक्षणें आंखडतीं घेतलीं आणि कर्ज फेडलें. सासूबाईंनीं मुलाची वाट पाहतां पाहतां डोळे मिटले. आतां बारा वर्षांनीं दिरांचें पत्र आलें आहे कीं, घरीं यावेंसें वाटतें. भगिनी विचारतात, "कादंबरींत व चित्रपटांत गेलेला माणूस परत आला कीं सारे रडतात आणि सारें गोड होतें. आमच्या घरांत तसें होण्याचें चिन्ह दिसत नाहीं. आमचींच मनें कोतीं समजावयाचीं काय?"

गांवाच्या नांवांत 'विसर' असला म्हणून घरांतील माणसांस विसर पडतो असें नाहीं. या भगिनींनीं वाङ्मयाकडे बोट दाखविलें आहे, तेव्हां आपणही प्रथम वाङ्मयासच विचारूं. तें खरोखर एवढें स्वस्त समाधान सांगतें काय?

क्षमेचें नांव निघतांच महाराष्ट्रांतील जुन्या घरांस राम गणेश गडकऱ्यांची सिंधू आठवते. 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, आणि त्याच वर्षीं २३ जानेवारीस गडकरी निवर्तले. दारूच्या भरांत सुधाकरानें तान्ह्या मुलाचा जीव घेतला, सिंधूलाही मरणाच्या दारीं नेलें, आणि तरीही पोलिसांसमोर तिनें पतीला वांचविण्यासाठीं सारा दोष आपल्या नशिबावर घेतला. प्रेक्षकांच्या तीन पिढ्या या प्रसंगीं रडल्या. परंतु रडून झाल्यावर विचार करावा, कीं या क्षमेनें सुधाकर सुधारला काय? मूल परत आलें काय? गडकऱ्यांनीं तसें दाखविलेलें नाहीं. सुधाकराचाही शेवट त्याच प्याल्यांत झाला. नाटककारानें जी गोष्ट शोकांत म्हणून लिहिली, ती आपल्या घरांनीं मात्र सुनांस घालून द्यावयाचा धडा म्हणून वाचली. यांत दोष वाचणारांचा आहे.

याहून निराळी आणि आमच्या मतें अधिक खरी क्षमा पाहावयाची असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' काढावीं. १९३४ ते १९३६ या वर्षांत तीं चार भागांत प्रसिद्ध झालीं. हें कल्पित नव्हे. घडलेलें आहे, आणि आपल्यासारख्याच घरांत घडलेलें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मुळांतच घर सोडून जाणारे गृहस्थ. आई वारल्यावर लहानपणींच वडिलांचें घर सोडून ते नाशकास आले. पुढें संसार मांडल्यावरही ते केव्हां कोठें निघून जातील याचा नेम नसे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अकराव्या वर्षीं लग्न होऊन आलेली, कडक सोवळ्याच्या घरांत वाढलेली पत्नी लहानग्या मुलासह नातलगांच्या आधारानें राहिली. लोकांचे बोल, आप्तांची कींव आणि स्वतःच्या मनाचा दाह, हें सारें तिच्या वांट्यास आलें. ही ताटातूट चार-पांच वर्षें चालली.

त्यानंतर त्या पतीकडे अहमदनगरास गेल्या. पण कशा गेल्या तें पाहण्यासारखें आहे. त्यांनीं आपला धर्म सोडला नाहीं, सोवळें सोडलें नाहीं. पतीनेंही त्याचा आग्रह धरला नाहीं. एका छपराखालीं दोन आचार नांदूं लागले. जातिभेदाविषयींचा त्यांचा विचार पुढें बदलला तो त्यांच्या स्वतःच्या मनानें, आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराविषयीं आमच्या वाचकांचें मत कांहींही असो. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, दुरावलेलीं दोन माणसें एकत्र आलीं तीं एका मिठीनें नव्हे. एकमेकांस वेळ देऊन आणि निराळेपण सोसून तीं जवळ आलीं.

आणखी एक गोष्ट. लक्ष्मीबाईंनीं आपले हाल लपविले नाहींत. पतीचा संताप, त्याची बेफिकिरी, त्याचा पैशाविषयींचा अजागळपणा हें सर्व त्यांनीं लिहिलें, आणि त्याची थोरवीही त्याच लेखणीनें लिहिली. वाचतांना हंसूं येतें आणि घशांत आवंढाही येतो. ज्याला क्षमा केली त्याचा अपराध नांव घेऊन सांगतां येतो, आणि सांगतांना जीभ कडवट होत नाहीं, हीच आमच्या मतें क्षमेची खरी खूण होय. विजया मेहता यांनीं १९८२ सालीं या ग्रंथावर दूरदर्शनसाठीं चित्रपट केला. ज्यांचें पुस्तक वाचावयाचें राहिलें असेल त्यांनीं निदान तो पाहावा.

'श्यामची आई' खानदेशास परकी नाहीं. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. फेब्रुवारी १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत हें पुस्तक त्यांनीं लिहून काढलें. १९५३ सालीं आचार्य अत्र्यांनीं त्याचा चित्रपट केला आणि त्यास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. त्यांतही कर्ज आहे, सावकार आहे, घराची अब्रू जाणें आहे. श्याम शिकण्यासाठीं दूर गेला, आणि आईच्या अखेरच्या क्षणीं तो जवळ नव्हता. जिची क्षमा मागावयाची ती उरलीच नाहीं, म्हणून त्यानें उभें आयुष्य तिचें नांव घेण्यांत घालविलें. विसरवाडीच्या त्या दिरांनीं हें पुस्तक पुन्हां एकदां वाचावें.

मात्र जाणारा प्रत्येक माणूस अपराधी असतो असेंही नव्हे. १९३७ सालच्या शांतारामबापूंच्या 'कुंकू' चित्रपटांत, म्हणजे नारायण हरि आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरींत, फसवून लादलेला संसार नीरा मान्य करीत नाहीं. तेथें क्षमा मागण्याची पाळी वृद्ध पतीवर येते. १९८२ च्या 'उंबरठा' चित्रपटांतील सुलभा कामासाठीं बाहेर पडते, परत येते, आणि घर आतां आपलें उरलें नाहीं हें पाहून पुन्हां निघते. तेथें घरानेंच स्वतःस विचारावयाचें असतें कीं, आपण तिला काय दिलें? खुद्द विसरवाडीच्या परिसरांतून कितीतरी आदिवासी कुटुंबें दर वर्षीं ऊंसतोडीसाठीं मुलांबाळांसह गुजरातेंत जातात. तेंही घर सोडणेंच. पण तीं पोटासाठीं एकत्र जातात आणि एकत्र परततात. संकटामुळें जाणें वेगळें, आणि संकट दुसऱ्याच्या माथीं टाकून जाणें वेगळें. ही निवड प्रथम करावी.

आतां त्या भगिनींस आमचें सांगणें. दिरांस येऊं द्यावें. दार लावून घेतल्यानें गेलेले दागिने परत येत नाहींत, आणि पुढच्या पिढीस अबोल्याचा वारसा मात्र मिळतो. परंतु ते आल्यावर पहिल्याच पंगतीस सारें विसरल्याचा देखावा करूं नये. बारा वर्षांत काय विकलें, कोणाची शाळा सुटली, सासूबाईंनीं शेवटीं काय विचारलें, हें त्यांस शांतपणें सांगावें, आणि त्यांनीं तें बसून ऐकावें. त्यांच्यावर काय गुदरलें तेंही त्यांस सांगूं द्यावें. ऐकण्याची तयारी नसेल तर ते केवळ आसरा मागावयास आले आहेत. तो द्यावा, पण त्यास समेट म्हणूं नये.

एकत्र कुटुंबांत आणखी एक चूक सर्रास होते. घरांतील कर्ता पुरुष "झालें गेलें विसरून जा" असें म्हणतो, आणि सर्वांच्या वतीनें क्षमा झाली असें धरलें जातें. कर्त्यास घराच्या वतीनें जमीन विकतां येते, कर्ज काढतां येतें. दुसऱ्याच्या मनाची क्षमा देतां येत नाहीं. जिच्या हातांतील पाटल्या गेल्या तिची क्षमा तिनेंच द्यावयाची, तिच्या सवडीनें. ज्या मुलाचें शिक्षण थांबलें त्याची त्यानें. कोणास ती एका महिन्यांत सुचेल, कोणास वर्ष लागेल. तोंवर एका घरांत सभ्यपणें राहतां येतें. टिळकांच्या घरीं तर दोन आचार नांदले.

तेव्हां आपलीं मनें कोतीं नाहींत, बाई. चित्रपटास शेवट तीन तासांत करावा लागतो. घरास तशी घाई नाहीं. ज्या दिवशीं दिरांचें ताट वाढतांना आपला हात आंखडणार नाहीं, त्या दिवशीं कोणी न सांगतां आपणांसच कळेल.