श्रांक आणि कपाट

जर्मन समासाची पदे सुटी केली की अर्थ आपोआप हाती येतो, ही भाषांतराच्या वर्गांतली लाडकी समजूत आम्हांस मान्य नाही. 'क्लायडरश्रांक' घ्या. क्लायडर म्हणजे कपडे, श्रांक म्हणजे कपाट; विग्रह झाला, गुरुजी पुढच्या शब्दाकडे वळले! पण श्रांक मुळात कपाट नव्हेच. मध्ययुगीन जर्मनमध्ये तो कठडा, अडसर. रेल्वे फाटकाच्या आडव्या दांड्याला जर्मन आजही 'श्रांके' म्हणतात. अडवणाऱ्या वस्तूवरून अडवलेली जागा, आणि तीवरून कपाट. हा प्रवास विग्रहात कोठे दिसतो?

मार्क ट्वेनने १८८० साली या समासांच्या लांबीची यथेच्छ टर उडवली. आपले अभ्यासक अजून लांबीच मोजत आहेत. (समासांत 'जर्मन आत्मा' शोधणारा पंथ तर त्याहून थोर.) आत्म्याचाच प्रश्न असेल, तर संस्कृतात 'कपाट' म्हणजे दाराची फळी. तिचे तद्भव रूप 'कवाड' मराठीत दारच राहिले, तत्सम रूप मात्र फर्निचर झाले. इंग्रजांचे 'कबर्ड' हीही मुळात पेले मांडायची फळीच. ज्यांच्या घरात कवाड आणि कपाट शेजारी नांदतात, त्यांनी श्रांकचा अर्थ केवळ विग्रहावर सोडून द्यावा, हे आम्हांस उमगत नाही.