जट : देवीचा कोप की केसांचा गुंता?

नवरात्रात मोहटादेवीच्या गडावर किंवा केडगावच्या रेणुकामातेच्या रांगेत उभे राहिले, की गर्दीत एखाद्या बाईच्या पदराखालून दोरखंडासारखी जट डोकावताना दिसते. आजूबाजूच्या बाया तिच्या पाया पडतात, जटेला हळदीकुंकू लावतात. तीच बाई दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसली, की शेजारीण नाकाला पदर लावून सरकून बसते. पाया पडणे आणि नाक मुरडणे यांच्यामध्ये त्या बाईच्या मानेचे काय होते, हे मात्र कुणी विचारत नाही. आज तेच विचारायचे आहे.

आधी माझीच चूक सांगतो. दवाखाना सुरू करून मला दोन-चार वर्षे झाली असतील. पन्नाशीच्या एक मावशी मान दुखते म्हणून आल्या. पदर खाली घ्यायला सांगितला, तर मनगटाएवढ्या जाड दोन जटा कमरेपर्यंत आलेल्या. पदवी नवी, ताठा त्याहून नवा. बाकीच्या पेशंटांसमोरच मी म्हणालो, "मावशी, हे आधी कापून या, मग औषध देतो."

"देवीची हाय ती, डॉक्टरसाहेब. कापली तर रगत येतं म्हणत्यात. पोराचं वाईट हुईल."

मी हसलो. मावशी काही न बोलता उठून गेल्या. वर्षभराने त्यांचा मुलगा त्यांना रिक्षात घालून घेऊन आला. अंगात ताप, मानेमागच्या गाठी सुजलेल्या आणि जटेच्या मुळाशी पू भरलेली जखम. जखमेत अळ्या पडल्या होत्या. "इतके दिवस का थांबलात?" असे मी विचारले, तेव्हा मावशी शांतपणे म्हणाल्या, "तुमीच म्हनला व्हता ना, कापून या म्हनून."

ते वाक्य मी आजपर्यंत विसरलेलो नाही. जट कापायला त्या घाबरत होत्या, पण दवाखान्याचा रस्ता त्यांच्यासाठी बंद केला तो मी.

जट म्हणजे नेमके काय, ते समजून घेऊ. आपल्या डोक्यावरचे पन्नास ते शंभर केस रोज गळतात. हे नैसर्गिक आहे. विंचरले की ते फणीत येतात. विंचरलेच नाही तर गळलेले केस शेजारच्या केसांत अडकून राहतात. प्रत्येक केसाच्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. ते एकमेकांत रुततात. त्यात डोक्याचे तेल, घाम, धूळ मिसळते आणि लोकरीचे जसे घोंगडीसाठी घट्ट कापड बनते, तशी केसांची गुठळी बनते. मुळाशी केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतच असतात, त्यामुळे जट लांबत जाते. लोकांना वाटते, ती आपोआप 'आली' आणि आपोआप वाढते आहे.

सुरुवात बहुतेक वेळा साधी असते. बाळंतपण झाले, टायफॉइडने महिनाभर अंथरूण धरले, घरात कुणी गेले म्हणून विंचरणे राहिले, उवा झाल्या, किंवा मन इतके खचले की अंगाकडे लक्ष देण्याची इच्छाच उरली नाही. पंधरा दिवसांनी गुंता दिसतो. त्या वेळी तो तासाभरात सुटला असता. पण घरातली एखादी वडीलधारी बाई म्हणते, "हात लावू नका, देवी आली." त्या दिवसापासून फणी बंद, पाणी बंद आणि पुढची वीस वर्षे तो गुंता तसाच.

आता रक्ताची भीती. डोक्याच्या कातडीबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. म्हणून नख कापले तर जसे दुखत नाही, तसा केस कापलेलाही दुखत नाही. कधी रक्त दिसलेच तर ते केसाचे नसते. कात्री कातडीला लागलेली असते किंवा खाली आधीचीच जखम असते. "कापल्यावर घरात कुणीतरी आजारी पडले" हेही नेहमी ऐकू येते. आठ माणसांच्या घरात वर्षभर कुणालाच ताप आला नाही, असे घर निदान मी तरी माझ्या प्रॅक्टिसमध्ये पाहिलेले नाही. जट कापली नसती तरी तो ताप आलाच असता, फक्त त्याला कारण चिकटवले गेले नसते.

ही समजूत आपल्याच मातीतली आहे असेही नाही. वैद्यकाच्या पुस्तकांत या अवस्थेला 'प्लायका पोलोनिका' असे नाव आहे, म्हणजे पोलंडची जट. एकेकाळी त्या देशातले खेडूतही जट कापली तर माणूस आंधळा किंवा वेडा होईल, म्हणून घाबरत. एकोणिसाव्या शतकात क्राकोव शहरातल्या युझेफ डिटल या वैद्यकाच्या प्राध्यापकांनी हा काही वेगळा रोग नसून केसांच्या आबाळीचा परिणाम आहे, हे ठामपणे मांडले आणि त्यासाठी मोहीमच चालवली. तिथली रेणुका-यल्लम्मा कुठली? देव वेगळा, भाषा वेगळी, भीती मात्र तीच.

आपल्याकडे या भीतीला आणखी एक काळी बाजू आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुलीच्या डोक्यात जट दिसली, की तिला देवाला सोडण्याची रीत दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पिढ्यान् पिढ्या चालली. एका गुंत्यापायी मुलींची आयुष्ये गेली. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे केले. मुलीला देवाला सोडणे हा आज गुन्हा आहे. म्हणून शाळेतल्या एखाद्या मुलीच्या डोक्यात जट दिसली, तर गुरुजींनी आणि बाईंनी ती घरची बाब समजून गप्प बसू नये. आईवडिलांना बोलावून शांतपणे समजवावे, डॉक्टरकडे पाठवावे.

थोडे मागे गेलो तर दुसरे टोक दिसते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नवरा वारला की उच्चवर्णीय घरातल्या बाईचे केस तिच्या मनाविरुद्ध भादरले जात. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनीच विधवांवर वस्तरा चालवायला नकार दिला. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळक असायला हवी. एकीकडे बाईचे केस सक्तीने काढले, दुसरीकडे सक्तीने ठेवायला लावले. दोन्हीकडे एकच गोष्ट समान. डोके तिचे, निर्णय दुसऱ्याचा.

मग सगळ्या जटा वाईटच का? तसे माझे मत नाही. नाशिकच्या कुंभात येणारे साधू जटा राखतात, तो त्यांच्या व्रताचा भाग आहे. जमैकात १९३० च्या दशकात सुरू झालेल्या रास्ताफारी पंथाचे लोक श्रद्धेने जटा ठेवतात. गायक बॉब मार्ले यांच्या जटा तर जगाने पाहिल्या. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस मुळातच कुरळे, स्प्रिंगसारखे असतात. ते ओढून सरळ केले तर तुटतात. त्यामुळे बारीक पेड घालून केलेल्या जटा, ज्यांना तिकडे 'लॉक्स' म्हणतात, ही त्या केसांची स्वाभाविक आणि देखणी ठेवण आहे. अशा केसांपायी अमेरिकेत नोकऱ्या नाकारल्या गेल्या, मुलांना शाळेतून घरी पाठवले गेले. शेवटी २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी केली. हल्ली पुण्या-मुंबईची पोरेही हौसेने असे केस करून घेतात.

फरक कुठे आहे? लॉक्स ठेवणारा माणूस ते नियमाने धुतो, मुळाशी कोरडे करतो, प्रत्येक पेड बोटांनी वेगळा ठेवतो आणि कंटाळा आला की कापून टाकतो. आमच्या मावशींना पाणी लावायची बंदी, कापायची बंदी आणि वर मान दुखते म्हणायचीही चोरी. श्रद्धेने किंवा हौसेने राखलेले केस वेगळे, भीतीने वाहिलेले ओझे वेगळे. डॉक्टर म्हणून मला जटेशी भांडण नाही, त्या भीतीशी आहे.

हे भांडण महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गेली अनेक वर्षे धीराने करीत आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः वैद्यकाचे पदवीधर. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यांच्या समितीच्या कार्यकर्त्या, पूर्वी ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी शंभराहून अधिक बायकांच्या जटा त्यांची समजूत घालून सोडवल्या आहेत. यातला 'समजूत घालून' हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकदा सांगून बाई तयार होत नाही. चार वेळा घरी जावे लागते, सासूशी बोलावे लागते, नवऱ्याशी बोलावे लागते.

आता घरी काय करावे ते सांगतो. गुंता नवा असेल तर घाबरू नका, धुण्याची घाई करू नका. आधी खोबरेल तेल भरपूर चोळून बोटांनी पेड सुटे करा, मग रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे थोडे थोडे विंचरत या. मुळापासून ओढाल तर केस तुटतील. घरात कुणी आजारी किंवा बाळंतीण असेल, तर तिची सैल वेणी घाला आणि एक दिवसाआड कुणीतरी विंचरून द्या. त्या निमित्ताने चार शब्दही बोलणे होते.

जुनी जट असून बाई कापायला तयार नसेल, तर निदान आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने किंवा रिठ्याच्या पाण्याने मुळाशी धुवावे आणि उन्हात पूर्ण वाळवावे. ओली जट वजनाला जड होते आणि आत बुरशी धरते. खाज, दुर्गंधी, पू, मानेमागे गाठी किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. कापायचे ठरले तर कात्री आणि कातडी यांच्यामध्ये फणी धरून, मुळाशी दोन बोटे केस सोडून कापावे. नंतर उवा, नायटा, जखम यांचे औषध घ्यावे. त्या बाईला ओटी भरायची असेल, केस नदीत न टाकता झाडाखाली पुरायचे असतील, तर खुशाल करू द्यावे. तेवढ्याने विज्ञानाचे काही बिघडत नाही.

माझ्या डॉक्टर मित्रांनाही एक विनंती. जट पाहून हसू नका आणि "आधी कापून या" म्हणू नका. आधी मान तपासा.

मावशींचे पुढे काय झाले? जखमेभोवतीचे चार बोटे केस त्यांना विचारून काढले, जखम तीन आठवड्यांत भरली. मग त्या आपणहून म्हणाल्या, "एक कापा." मुलाला त्यांनी समोर बसवून ठेवले होते. कात्री चालत होती तेव्हा त्यांची नजर त्याच्यावरून हलली नाही. दुसरी जट त्यांनी महिनाभर तशीच ठेवली, पोराला काही होते का ते बघायला. मी एका शब्दाने घाई केली नाही. महिन्याने पोरगाच त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन आला, धडधाकट. दुसरी कापून झाल्यावर मावशींनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, पुन्हा डावीकडे वळवली.

"किती वर्सांनी वळली," एवढेच म्हणाल्या.