पोस्टाला गावात हक्काची खोली द्या

मुंबईच्या जीपीओचा इतिहास सहज सापडतो. वास्तुविशारद जॉन बेग, काम पुरं झालं 1913 साली, घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर. आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या पंचक्रोशीत पोस्टाचा इतिहास विचारा, म्हातारी माणसं घरं दाखवतात. आधी पाटलाच्या ढाळजेत, मग मास्तरांच्या ओसरीत, पुढे किराणा दुकानामागे. खेड्यातल्या शाखा डाकघराला जागा पोस्टमास्तरनेच द्यायची, ही खात्याची रीत. माणूस बदलला की पोस्टाचं बिऱ्हाड हललं. जागेपोटी भत्ता सुरू झाला तो थेट 2018 साली. तोवर गावातल्या घरांनी सरकारला फुकट आसरा दिला, हे कुणी बोलत नाही.

माझ्या आजोळी ज्वारीच्या पोत्यांना लागून पोस्टाची लाकडी पेटी असे. तिच्यावर शाईची गादी, गोल शिक्का आणि शिक्क्यातले तारखेचे खिळे बदलायला बारीक चिमटा. रोज सकाळी पोस्टमास्तर आधी कोऱ्या कागदावर शिक्का मारून तारीख पाहायचे, मगच टपालाला हात लावायचे. मनिऑर्डरीवर अंगठा उठवला की आजीच्या बोटाची शाई पुसायला ते स्वतः चिंधी पुढे करत.

त्याआधीचा इतिहासही आमचाच आहे. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचं टपाल वेगळं होतं, तिकिटंही वेगळी. 1931 च्या मालिकेत आठ आण्याच्या तिकिटावर अजिंठ्याची लेणी होती, रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार. 1950 साली ते टपाल भारताच्या टपालात मिसळलं.

पोस्टाचं काम संपलं, असं शहरात म्हणतात. पण 2024 च्या पावसाळ्यात ‘लाडकी बहीण’ योजनेच्या पैशांसाठी पोस्टाच्या बँकेत खातं काढायला बायाबापड्यांची रीघ लागली होती. लेकरू काखेत घेऊन त्यांनी कुणाच्या तरी ओट्याखाली किती वेळ ताटकळायचं?

ग्रामपंचायतींनी आपल्या कार्यालयात पोस्टाला एक खोली द्यावी. बसायला बाकडं, प्यायला पाणी, रात्री पेटीला कुलूप. आणि दाराशी फलक लावावा: आजवर पोस्ट कुणाकुणाच्या घरात होतं, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. खात्याच्या कागदांत तारखा मिळतील, घरं मिळणार नाहीत. ऐंशीच्या पुढची माणसं अजून गावात आहेत. या दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या पोरांना वही देऊन त्यांच्याकडे धाडा.