१४० ओळींचे फंक्शन

आंतर-हाउस स्पर्धांचे गुण मोजणारा पायथन प्रोग्रॅम मी अकरावीत लिहिला. त्यात एकच फंक्शन होते. नाव ‘निकाल’, लांबी १४० ओळी. गुण वाचणे, बेरीज, बरोबरी झाल्यास क्रम ठरवणे, सूचनाफलकाची यादी, प्रमाणपत्रांची यादी, सगळे त्याच्याच पोटात. चालत होते, म्हणून मी खूश होतो.

यंदा बरोबरीचा नियम बदलला. मी तो एका जागी दुरुस्त केला. तोच हिशेब ७० ओळी खाली पुन्हा चिकटवला आहे, हे विसरलो. फलकावर एक हाउस दुसरे, प्रमाणपत्रांवर तिसरे! मेसमध्ये त्या हाउसच्या एका ज्युनिअरने विचारले, “सर, आम्ही नक्की कितवे?” चूक सापडायला पाऊण तास लागला.

लांब फंक्शन तोडलेच पाहिजे, असे तेव्हापासून माझे मत आहे. पण ओळी मोजून नव्हे. ‘भाग१’, ‘भाग२’ असे तुकडे पाडणे म्हणजे नुसता कागद फाडणे. परेडवर उस्ताद ‘दाहिने मुड़’ आधी गिनतीने शिकवतात, एक, दो. मग नुसता हुकूम पुरतो, कारण त्या शब्दात नेमके काम आहे. ‘बरोबरी_सोडव’ वाचल्यावरही आत डोकवावे लागत नाही. (पायथन ३ मध्ये देवनागरी नावे चालतात.) नावात ‘आणि’ घालावासा वाटला, तर तिथे दोन कामे आहेत असे समजावे.

मार्टिन फाउलर यांचे ‘रिफॅक्टरिंग’ हे पुस्तक १९९९ चे. बाहेरून दिसणारे वर्तन न बदलता आतली रचना सुधारणे, हा त्या शब्दाचा अर्थ. मी आधी तुकडेही पाडले आणि नियमही बदलला, एकाच संध्याकाळी. निकाल बिघडला तो कशामुळे, ते कळेना. सगळे रद्द केले. गेल्या वर्षीचा निकाल बाजूला ठेवला आणि प्रत्येक तुकडा काढल्यावर त्याच्याशी ताडून पाहिला. नियमाला हात सर्वांत शेवटी लावला.

आमच्या सरांचा आक्षेप असा, की फार तुकडे केले तर वाचणारा वर-खाली उड्याच मारत राहतो. ते खरे आहे. एका ओळीची दोन फंक्शने मी परत जोडली.

मार्चमध्ये मी इथून जाईन. प्रोग्रॅम ज्याच्याकडे जाणार, त्या ज्युनिअरला बरोबरीचा नियम मला न विचारता सापडला. त्याने एवढेच विचारले, “सर, ‘यादी_छाप’ फाइल का सेव्ह करते?”

ते अजून वेगळे काढायचे आहे.