मुंडी हलली, पुढे काय?

सुरतेतल्या बमरोलीच्या लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, कुणी फारसं बोलत नाही. बोलून उपयोगच नसतो. शेजारच्याच्या कानाला तोंड लावलं तरी अर्धं वाक्य मागांच्या खडखडाटात जातं. धागा तुटला, बॉबिन संपली, मास्टर आला, चहाला चल, हे सगळं भुवया आणि मुंडी यांच्यावर चालतं. जळगाव-धुळ्याकडचा कारीगर आणि ओडिशातल्या गंजामचा कारीगर यांचं त्यावर छान जमतं. लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर बायकांनी अशाच गोंगाटात ओठांवरून बोलणं ओळखायची रीत काढली होती. आपल्याकडे मानेवर भागलं.

पण मान हा बेभरवशाचा साक्षीदार. गाण्याला डोलते ती दाद, कीर्तनात डोलते ती कधी कधी निव्वळ पेंग, आणि नंदीबैलाची डोलते ती मालकाने शिकवली म्हणून. पोट भरलेलं तान्हं बाळ तोंड बाजूला फिरवतं, तिथून नकाराची मान सुरू झाली असावी, असं डार्विनने १८७२च्या पुस्तकात मांडलं. मात्र बल्गेरियात तीच मान वरखाली हलली की 'नाही' होतं. बाळं तर तिथलीही दूधच पितात!

खात्यात याचा खरा घोळ होतो तो दरावरून. शेठ मागांमधून फिरता फिरता मीटरमागचा नवा भाव सांगतो, कारीगर मान हलवतो. शेठच्या लेखी व्यवहार ठरला. कारीगराच्या लेखी, 'शेठ काहीतरी म्हणाले' एवढंच. पगाराला वाद होतो तेव्हा 'तू तर हो म्हणाला होतास' हे हमखास ऐकू येतं. मी यात कारीगराच्या बाजूचा. भाव ठरवायचा तर खात्याबाहेर, चहाच्या टपरीवर ठरवावा, तिथे 'नाही' निदान ऐकू तरी जातं.

कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल ही आवाजाची हद्द आहे. यंत्रमाग ती सहज ओलांडतात, आणि इथली पाळी १२ तासांची. अशा खात्यात उमर काढलेल्या माणसाला मग घरातलं साधं बोलणंही पुरतं पोचत नाही. चारचौघांत 'काय? काय?' करायची लाज वाटते, म्हणून तो मान हलवून मोकळा होतो. सून विचारते, भाजी वाढू? हलली. मुलगा विचारतो, गावचं शेत विकून टाकू या का? तीही हलली. घरचे कौतुकाने सांगतात, बाबा हल्ली कशालाच नाही म्हणत नाहीत.

बाबांचे कान आधी तपासून घ्या. शेताचं विचारायचं तर टीव्ही बंद करून, समोर बसून, त्यांना तुमचं तोंड दिसेल असं विचारा, आणि ते तोंडाने काही बोलेपर्यंत उठू नका. भाजीचं एक वेळ मुंडीवर सोडलं तरी चालेल.