उसाचा पाला रानातच राहू द्या

ऊस तुटून गेल्यावर पाला पेटवण्याची रीत कोल्हापूर जिल्ह्याने आता सोडायला हवी, आणि त्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्का नत्र धरले तरी आठ टनांत ४० किलो होते, म्हणजे युरियाच्या जवळजवळ दोन पोत्यांएवढे. काडी लावली की यातले बहुतेक नत्र आणि कर्ब धूर होऊन जातो. राखेत उरते ते मुख्यतः पालाश. तोच पाला रानात राहिला तर ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, तण दबते, पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात. अतिपाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या आहेत. तिथे वाचलेली एकेक पाळी मोलाची आहे.

पाला पेटवणारा शेतकरी अडाणी नाही, त्याच्या अडचणी खऱ्या आहेत. पाटपाणी पाल्यात अडते, हे खरे. पण पाला एकाआड एक सरीत भरला तर मोकळ्या सरीतून पाणी देता येते. पाल्याखाली होणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त मात्र वेगळा करावाच लागतो. ‘पाला ठेवला आणि खोडवा पिवळा पडला’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, तिचे कारण समजून घेतले पाहिजे. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे, त्यामुळे कुजवणारे जिवाणू सुरुवातीला मातीतलेच नत्र ओढून घेतात. म्हणून बुडखे जमिनीलगत छाटून पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकायची शिफारस आहे. हा युरिया वाया जात नाही, पाचट कुजेल तसा तो पिकालाच मिळतो. पिकाचे अवशेष जागेवरच कुजू द्या, हा आग्रह कोल्हापूरचेच शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी वर्षानुवर्षे आपल्या लेखनातून धरला आहे.

उरतो मजुरीचा प्रश्न, आणि तो खरोखर अवघड आहे. पाला सरीत लोटायला माणूस मिळत नाही, पाल्याची कुट्टी करणारे यंत्र अल्पभूधारकाला परवडत नाही. पण साखर कारखान्याकडे शेती विभाग आहे, गटागटात कर्मचारी आहेत, ऊसबिलातून वसुलीची घडीही बसलेली आहे. तोडणीच्या कार्यक्रमाला जोडूनच कुट्टीचा कार्यक्रम लावणे त्याला सहज शक्य आहे. सहकारी कारखान्याचे मालक सभासदच आहेत. येत्या वार्षिक सभेत ऊसदरासोबत त्यांनी हा ठरावही मांडावा आणि मंजूर करून घ्यावा.